विटोल्ड गोम्ब्रोविच कोण होते आणि त्यांचं काय आधी वाचावं?

तुम्ही विचारलंय की पोलिश नाटककार-कादंबरीकार गोम्ब्रोविच यांचं आयुष्य कसं गेलं आणि वाचायला सुरुवात कुठून करावी. माझे फार आवडते लेखक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जन्म 1904 चा, मालोशित्से गावातल्या जमीनदार घराण्यात. वॉर्सात कायदा शिकले, पण वकिलीत मन रमलं नाही. 1937 मध्ये ‘फेर्दिदुर्के’ ही कादंबरी आली. तिशीतल्या माणसाला एक प्राध्यापक पकडून पुन्हा शाळेच्या बाकावर नेऊन बसवतो, आणि तो निमूटपणे विद्यार्थी होऊन जातो! समोरचा आपल्याला जसं बघतो तसे आपण होत जातो, हा त्यांचा जन्मभराचा विषय. तो इथेच पूर्ण ताकदीने दिसतो.

ऑगस्ट 1939 मध्ये ‘ख्रोब्री’ जहाजाच्या पहिल्या सफरीत ते अर्जेंटिनाला गेले. ब्युनोस आयर्सला पोचून दोन आठवडेही झाले नव्हते, तोच हिटलरने पोलंडवर हल्ला केला. ते तिथेच राहिले, तब्बल 23 वर्षं. पोलंडला पुन्हा कधीच गेले नाहीत.

सुरुवातीची वर्षं अतिशय हलाखीची होती. पण त्यातही एक गोष्ट मला विलक्षण वाटते. कॅफे रेक्समध्ये बुद्धिबळाचे डाव चालायचे, तिथेच मित्रमंडळी जमवून ‘फेर्दिदुर्के’ स्पॅनिशमध्ये आणली गेली. त्या मंडळींना पोलिश येत नव्हतं आणि गोम्ब्रोविचांचं स्पॅनिश कच्चं. ते मोडकंतोडकं सांगायचे, आणि क्यूबन लेखक विर्हिलिओ पिन्येरा आणि बाकीचे एकेका शब्दावर वाद घालून वाक्य उभं करायचे. 1947 मध्ये पुस्तक निघालं, पण फारशी कोणी दखल घेतली नाही. त्याच वर्षी पोटासाठी त्यांनी तिथल्या एका पोलिश बँकेत कारकुनी धरली आणि 1955 पर्यंत केली. ‘ट्रान्स-अटलांटिक’ ही कादंबरी त्याच काळात लिहिली.

पॅरिसहून निघणाऱ्या ‘कुल्तुरा’ मासिकात 1953 पासून त्यांची डायरी छापून येऊ लागली. मायदेशात कम्युनिस्ट राजवटीने त्यांच्या पुस्तकांवर बंदी घातली होती; 1957 च्या सुमारास थोडा काळ ती निघाली, मग पुन्हा बंदी. 1963 मध्ये शिष्यवृत्तीवर बर्लिनला आणि पुढे फ्रान्समधल्या व्हाँस गावी. 1967 मध्ये ‘कॉसमॉस’ला आंतरराष्ट्रीय प्रकाशकांचा पुरस्कार मिळाला, तोवर दम्याने शरीर पार थकलं होतं. जुलै 1969 मध्ये गेले.

वाचायला ‘इवोना, बर्गंडीची राजकन्या’ हे नाटक आधी घ्या. राजपुत्र एका अबोल, अनाकर्षक मुलीशी लग्न ठरवतो. ती जवळजवळ काहीच बोलत नाही, आणि तिच्या गप्प बसण्याने राजा-राणीसकट सगळ्यांना आपापली जुनी पापं आठवू लागतात. शेवटी भर मेजवानीत तिला काटेरी मासा वाढतात. घशात काटा अडकून ती मरते, आणि सगळा दरबार गुडघे टेकतो. त्यानंतर डायरी वाचा. ‘ट्रान्स-अटलांटिक’ मात्र घाईने हातात घेऊ नका, ती जुन्या पोलिश सरदारी गप्पांच्या ढंगात आहे आणि त्या ढंगाची ओळख नसेल तर जड जाते.