९५ हजारांच्या बॉनेटसाठी आरडी मोडावी का?

प्रश्न : वय ३१. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात भावासोबत सीएनसीचं (संगणकावर चालणाऱ्या मशीनचं) वर्कशॉप आहे, महिन्याला ५५ हजार घरी येतात. गाडी २०१९ ची पेट्रोल होंडा सिव्हिक, पांढरी. गेल्या वर्षी पुण्यातल्या मित्रामार्फत परदेशातून कार्बन फायबरचं बॉनेट मागवलं, ड्युटीसकट ९५ हजार पडले. बिल मित्राच्या नावावर आहे. मूळ लॅच (बॉनेट अडकवणारी कडी) काढून फक्त पिना लावल्यात. राहायला शिवाजी पेठेत, गाडी रस्त्यावरच लागते. महिन्यापूर्वी गल्लीतल्या एका गाडीचे दोन्ही आरसे गेले, तेव्हापासून रात्री दोनदा उठून गाडी बघतो. १ लाख २० हजारांची आरडी मोडून कळंब्याकडे शटरचा गाळा घ्यावा म्हणतो (५० हजार डिपॉझिट, २,५०० भाडं), उरलेल्यातून कॅमेरा आणि जीपीएस. इन्शुरन्स कंपनीला बॉनेटचं कळवलेलं नाही. जुनं बॉनेट वर्कशॉपच्या माळ्यावर आहे. घरी आईवडील, त्यांचा मेडिक्लेम नाही.

उत्तर : आरडी मोडू नका आणि गाळाही घेऊ नका. बॉनेट सांभाळायला मात्र हवंच. कष्टाच्या पैशातून घेतलेली वस्तू आहे आणि गाडीचा नाद असणं हा काही गुन्हा नाही.

आधी गाळ्याचा हिशोब. वर्षाला ३० हजार भाडं, म्हणजे तीन वर्षांत ९० हजार. बॉनेटच्या किमतीएवढे पैसे ते राखण्यातच जाणार. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा व्यवहार आहे. शिवाय जुलैच्या पावसात रात्री अकरा वाजता कळंब्याला गाडी लावून दुचाकीवर पेठेत परत यायचं, हे किती दिवस जमेल? पंधरा दिवसांत गाडी पुन्हा दारात दिसेल आणि भाडं मात्र सुरू राहील. जीपीएसही या कामाचा नाही. तो गाडी कुठे आहे ते सांगतो, आणि बॉनेट गेलं तरी गाडी जागेवरच असते.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात खटकली ती लॅच. मूळ लॅच असेल तर बॉनेट उघडायला केबिनमधला खटका ओढावा लागतो, म्हणजे चोराला आधी काच फोडावी लागते. तुम्ही ती काढल्यामुळे बाहेरून पिना ओढल्या की बॉनेट हातात. पुढे राहतात बिजागरीचे चार बोल्ट, आणि त्यांना एक सॉकेट पाना पुरतो. लॅच आधी परत बसवा. चोरीचं सोडा, हायवेवर एखादी पिन सुटली तर हलकं बॉनेट वाऱ्याने उचलून थेट काचेवर येईल, त्यासाठीही ती हवी. पिना ठेवायच्याच असतील तर किल्लीच्या घ्या. बिजागरीचे बोल्ट बदलून खास चावीनेच फिरणाऱ्या डोक्याचे लावा. तुम्ही स्वतः मशीनवरचे आहात, उद्यमनगरात असा बोल्ट करून घेणं तुम्हाला अवघड नाही, फक्त मजबुतीत ८.८ ग्रेडच्या खाली जाऊ नका. अलार्मला बॉनेटचा स्विच जोडून घ्या. कार्बनला नवीन भोक पाडलंच तर कड इपॉक्सीने बंद करा आणि मध्ये ॲल्युमिनियमचं काही लावू नका. कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम आपल्याकडच्या पावसात लवकर गंजतं.

हे बॉनेट एकाच मॉडेलच्या गाडीला बसतं, आणि ती गाडी भारतात २०२० च्या शेवटी बंद झाली. म्हणजे ते चोरणारा बहुतेक गिऱ्हाईक ठरवूनच येणार, आणि त्याला तुमची गाडी आधीपासून माहीत असणार. म्हणून नंबरप्लेट आणि गल्ली दिसेल असे फोटो इन्स्टाग्रामवर टाकत असाल तर थांबवा. बॉनेटच्या आतल्या बाजूला दोन-तीन ठिकाणी चासी नंबर टाकून वरून क्लिअर कोट (पारदर्शक थर) मारा. असा माल हौशी लोकांच्या छोट्या वर्तुळात खपवणं जड जातं. गाडी उभी असेल तेव्हा कव्हर घाला, उन्हाने कोट पिवळा पडतो तेही वाचेल. हे सगळं १५ हजारांच्या आत बसवा.

आता इन्शुरन्स, कारण खरा पैसा तिथे अडकतो. खासगी कारच्या पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टीसोबत स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणाऱ्या) गाडीवर बसवलेल्या ॲक्सेसरीजची चोरी धरता येते, पण कंपनीला कळवून त्यांची किंमत पॉलिसीत लिहून घेतलेली असली तरच भांडायला जागा राहते. तुमच्या पॉलिसीचा कागद समोर नाही, म्हणून अंदाजाने मांडतो. आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७ लाख आणि एनसीबीआधीचा (क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीआधीचा) ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता १४ हजार धरला तर दर २ टक्के पडतो. बॉनेटचे ८० हजार वाढवले तर १,६०० रुपये, ५० टक्के एनसीबीनंतर ८०० आणि वर जीएसटी. एवढ्या पैशात हे न करण्याचं कारणच नाही.

पण क्लेममध्ये ८० हजार मिळतील असं समजू नका. घसाऱ्याच्या (वापराने घटलेल्या किमतीच्या) तक्त्यात फायबर ग्लासला ३० टक्के, प्लास्टिकला ५० टक्के आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या इतर भागांना ४० टक्के कपात आहे. कार्बन फायबरचं नाव त्यात नाही. तुमचं बॉनेट कोणत्या रकान्यात धरणार, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्या. १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला २ हजार स्वतःच्या खिशातून जातात, ते धरून हातात रकान्यानुसार ३८ ते ५४ हजार येतील. शिवाय क्लेम केला की एनसीबी शून्यावर येतो आणि ५० टक्क्यांपर्यंत परत चढायला पाच वर्षं लागतात. हप्ता तोच राहिला असं धरलं तर त्या काळात साधारण साडेसतरा हजारांची सूट बुडते. म्हणून क्लेमनंतरही ही सूट टिकवणाऱ्या एनसीबी प्रोटेक्शनचा भावही विचारा.

बिल मित्राच्या नावावर आहे, हा मोठा अडथळा आहे. त्याच्याकडून तुमच्या नावाने विक्रीची पावती घ्या, कस्टम्सच्या ड्युटीची पावती आणि तुम्ही त्याला पाठवलेल्या पैशांचं बँक स्टेटमेंट जोडा. पांढऱ्या गाडीवरचं काळं बॉनेट आरसीतल्या रंगाशी जुळत नाही, तेही आरटीओत विचारून घ्या. उद्या चोरी झालीच तर जुना राजवाडा पोलीस ठाण्यात त्याच दिवशी एफआयआर करा आणि कंपनीलाही त्याच दिवशी कळवा.

हे झालं बॉनेटचं. तुमच्या घरात याहून मोठी जोखीम उघडी आहे. बॉनेट गेलं तर दुसऱ्या दिवशी माळ्यावरचं पत्र्याचं बॉनेट बसवून तुम्ही वर्कशॉपला जाल. मनाला लागेल, पण घर चालू राहील. आईवडिलांपैकी कुणाला आठ दिवस आयसीयूत ठेवावं लागलं तर ही आरडी, गाडी आणि वर्कशॉपचं खेळतं भांडवल, सगळंच हलेल. गाळ्याला वर्षाला जे ३० हजार देणार होतात, ते दोघांच्या मेडिक्लेमकडे वळवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे. बीपी-शुगर असेल तर ती फॉर्मवर खरी लिहा. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि ती मोजणी पॉलिसी घेतल्या दिवसापासूनच सुरू होते. आरडी तशीच मुदतीपर्यंत चालू द्या, तुमच्याकडे अडीअडचणीला तेवढीच रक्कम आहे.

लॅच या रविवारीच बसवा. मित्राची पावती हातात आली की कंपनीला ईमेल करा. रिन्युअलची वाट बघायची गरज नाही, चालू पॉलिसीतही एंडॉर्समेंट (पॉलिसीतली दुरुस्तीची नोंद) करून मिळते. गाडीची पाहणी करायला माणूस येईल, तेव्हा बॉनेट वर उचलून चासी नंबर टाकलेल्या जागेचे फोटो त्याला काढू द्या.