लाओसची संस्कृती खाण्यापिण्यातून समजून घ्यायची आहे. आठवडा पुरेल का? बायको शाकाहारी आहे.

आठवडा पुरेल. व्हिएन्टिअन आणि लुआंग प्रबांग, ही दोनच शहरं करा. मध्ये रेल्वे घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या सीमेपर्यंतचा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून घाटात दिवस खाणारं हे अंतर दोनेक तासांवर आलंय.

पण "संस्कृती" वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या घरात यावरून अजून वाजतं.

आम्ही गेलो ते दीर-जावेला घेऊन. दिरांच्या बॅगेत थेपले, खाकरे, लोणच्याची बरणी, सगळं कोठार. लुआंग प्रबांगच्या बाजारात एक बाई पपईची कोशिंबीर कुटत होती, म्हणजे 'ताम माक हुंग'. मातीचा उंच खल, लाकडी मुसळ. आधी मिरच्या आणि लसूण ठेचले, मग कच्च्या पपईचा कीस, छोटे टोमॅटो, सालासकट लिंबाच्या फोडी. शेवटी मडक्यातून डाव भरून काढलं पाडेक: मीठ आणि तांदळाचा कोंडा लावून महिनोन् महिने मुरवलेली गोड्या पाण्यातली मासळी, तपकिरी, दाट, आत माशाचे तुकडे. वास सुटला तसे दीर नाकाला रुमाल लावून मागे सरले. वर ऐकवलं, "हे थाई सोम तामच आहे, फक्त घाणेरडं." सोम ताम म्हणजे थायलंडमधली पपईची कोशिंबीर.

मी वेंगुर्ल्याची. सुकट भाजली म्हणून सोसायटीत नोटीस लागलेली पाहिलेली. माझं डोकं फिरलं.

एक तर हे उलटं आहे. १८९३ मध्ये फ्रेंचांनी सयामकडून, म्हणजे आजच्या थायलंडकडून, मेकाँग नदीचा पूर्वेचा काठ घेतला, पश्चिमेचे लाओ सयाममध्येच राहिले. म्हणून आज लाओसपेक्षा जास्त लाओ माणसं थायलंडच्या इसान भागात आहेत. तीच कामधंद्याला बँकॉकला गेली आणि कोशिंबीर सोबत गेली. तिथे पाडेक गळालं, साखर, शेंगदाणे, सुके झिंगे आले. दिरांना आवडते ती ही बाटवलेली. दुसरं, पाडेक वगळून लाओ जेवण कळतच नाही. मीठ कमी पडलं तर पाडेक, रस्सा पांचट झाला तर पाडेक.

मी तिथेच टेकले. बाईने बांबूची झाकणाची टोपली पुढे सरकवली. आत चिकट भात, रात्रभर भिजवून वाफवलेला. चिमूटभर घ्यायचा, बोटांनी गोळी वळायची, रसात बुडवायची. आपल्यासारखा कालवायचा नाही. झालं की झाकण लावायचं, उघडं ठेवलेलं चालत नाही. दीर त्या संध्याकाळी एका भारतीय हॉटेलात पनीर खात होते. परत आल्यावर "लाओसमध्ये खायला काही नाही" हे सगळ्या नातेवाइकांना सांगून झालं.

बायकोचं विचारलंत. 'बो साय पाडेक' म्हणायला शिकवा, म्हणजे पाडेक घालू नका. तरी खल तोच असतो, मुसळ तेच. कायपेन जरूर खायला द्या: नदीतलं शेवाळ पातळ थापून, वर तीळ, लसूण लावून वाळवतात आणि तळतात. सोबतची लाल चटणी, जेओ बोंग, मात्र तिला नको, तिच्यात म्हशीचं कातडं असतं. कट्टर शाकाहारी असेल तर आठवडा जड जाईल, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही तिच्यासाठी म्हणून रोज पनीर शोधत फिरू नका. एकेकट्याने जेवलात तर कुणाचं बिघडत नाही.

पहाटे भिक्खूंना भात वाढतात तिथे फोटोसाठी पुढे घुसू नका. लांब उभे राहा.

आणि हो, पाडेक उकळलेलं आहे का ते विचारून घ्या. तिथल्या गोड्या पाण्यातल्या कच्च्या माशातून यकृतात कृमी होतात, ही खरी भीती आहे. लहान मुलं असतील तर शिजवलेलंच द्या. दिरांनी हा मुद्दा काढला असता तर मी गप्प बसले असते. त्यांची तक्रार वासाची होती.