पंचेचाळिशीत ग्रंथालयातलं नवीन तंत्रज्ञान शिकायला कुठून सुरुवात करू?

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या कॉलेजात सहायक ग्रंथपाल आहात, वय ४५, दरवर्षी आरएफआयडी (पुस्तकाला लावलेला टॅग रेडिओ लहरींनी वाचायची पद्धत), क्लाऊड, एआय असं काहीतरी नवीन येतंय, तर यातलं नेमकं काय शिकायचं आणि वेळ कुठून काढायचा. मी बी.लिब. केलं तेव्हा कार्डांवर तालिकीकरण म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं शिकले आणि आता कॉलेजचं ग्रंथालय सांभाळते, मधलं सगळं बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्याकडे पहिलं सॉफ्टवेअर आलं ते एका छोट्या कंपनीचं. ट्रेनिंग म्हणजे त्यांचा माणूस आला, दोन तास कुठलं बटण कशाला ते दाखवलं आणि गेला. आम्ही सगळी पुस्तकं चढवली, मराठी नावं जुन्या फॉन्टमध्ये, कारण युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर अक्षरं तीच राहतात ती पद्धत, काय असतं ते तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. काही वर्षांनी कंपनी बंद पडली. डेटा कसाबसा बाहेर काढला तर मराठी नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. कन्व्हर्टरने थोडं सुधारलं, बाकीचं दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती वही, समोर ठेवून आम्ही तिघांनी परत टाईप केलं, जवळजवळ दोन वर्षं गेली त्यात. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे, आधी आपला डेटा समजून घ्या आणि मग मशीन. सॉफ्टवेअर बदललं की बटणं बदलतात, पण मार्क २१ मध्ये, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी ठेवायच्या ठरलेल्या साच्यात, कुठल्या रकान्यात काय जातं, एक्सेलमध्ये नोंदी साफ कशा करायच्या, घेतलेला बॅकअप खरंच परत चढतो का, हे कुठेही उपयोगी पडतं.

आणि मराठी पुस्तकांचं तर वेगळंच दुखणं आहे जे बाहेरचं कुठलंच ट्रेनिंग शिकवत नाही. 'वाऱ्यावर' हा शब्द घ्या. त्यातला ऱ्या दोन प्रकारे टाईप होतो, एकात साधा र आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह, दुसऱ्यात वेगळा ऱ. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात पण कॉम्प्युटरच्या लेखी ते वेगळे, मग पुस्तक कपाटात असतं आणि मुलाला सर्चमध्ये सापडत नाही. ॲ चंही तसंच. पु. ल. देशपांडे हे एकदा मध्ये जागा सोडून, एकदा जागा न सोडता आणि एकदा आडनाव आधी असे चढवले की एका लेखकाचे तीन लेखक होतात. हे आमच्या लक्षात आलं ते एक मुलगा "मॅडम, पुलंचं एवढंच आहे का आपल्याकडे" असं विचारत आला तेव्हा. तोपर्यंत कित्येक मुलं न विचारता परत गेली असतील याचं मला अजून वाईट वाटतं. मग आम्ही एक कीबोर्ड, नावं लिहायची एक पद्धत ठरवली आणि तो कागद टेबलावर चिकटवला.

वेळेबद्दल. २००६ मध्ये अमेरिकेत शार्लट मेक्लेनबर्गच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी २३ छोट्या गोष्टी काढल्या होत्या, ब्लॉग सुरू करा, फोटो चढवा, विकी वापरून बघा अशा. ज्याने त्याने आपल्या गतीने करायच्या आणि केल्यावर काय वाटलं ते लिहायचं, पूर्ण करणाऱ्याला एमपी३ प्लेअर. पुढे कितीतरी देशांतल्या ग्रंथालयांनी ते उचललं. त्यातली बरीच साधनं आज जुनी झाली, पण करून बघायची सवय जुनी होत नाही. आम्ही त्यातून एवढंच घेतलं की शनिवारी दुपारी एक तास, एक विषय, हाताने करून बघायचं आणि वहीत चार ओळी लिहायच्या. हा तास ड्युटीत हवा, घरी जाऊन शिका म्हटलं की कुणी शिकत नाही आणि त्यांनी का शिकावं? प्राचार्यांकडून लेखी घेऊन ठेवा.

त्या तासाला परिचरालाही बसवा. कपाटापाशी मुलांना तोंड देतो तो. आमच्या परिचर मामांनीच सांगितलं की मुलं नाव विसरतात पण "ते लाल कव्हरचं" म्हणतात, म्हणून आम्ही कोहा या आमच्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं स्कॅन करून टाकायला लागलो.

कोहा माहीत नसेल तर सांगते, न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालयाने १९९९ मध्ये ते बनवून घेतलं कारण त्यांची जुनी सिस्टीम २००० साल लागल्यावर चालणार नव्हती, आणि मग ते सगळ्यांसाठी खुलं केलं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून कोहा चढवा, ५० पुस्तकं भरा, बिघडवा, परत चढवा. कॉलेजमध्ये सोल किंवा ई-ग्रंथालय असं दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी हे करा, कारण आत काय चालतं ते तिथे दिसतं.

आरएफआयडीबद्दल स्पष्ट सांगते, पुस्तकं वीसेक हजार आणि काउंटरवर दोन माणसं असतील तर बारकोड पुरतो. आरएफआयडीने पुस्तक पडताळणी भराभर होते हे खरं, पण प्रत्येक पुस्तकाला टॅग, रीडर, दारातलं गेट असा खर्च असतो आणि लोखंडी रॅकला चिकटलेला टॅग नीट वाचला जात नाही. कोटेशन मागवायच्या आधी एवढं कळलं तरी कॉलेजचे पैसे वाचतात.

एआय मात्र टाळू नका. मागे एक एम.ए.ची मुलगी संदर्भांची यादी घेऊन आली, लेखक खरे, प्रकाशनं खरी, त्यातली चार पुस्तकं मात्र कधी निघालेलीच नाहीत. चॅटबॉटने दिलेली यादी होती ती. मामा तासभर कपाटं शोधत होते. पुढच्या शनिवारी आम्ही तेच शिकलो, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा क्रमांक कसा तपासायचा, वर्ल्डकॅट या जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्र कॅटलॉगवर कसं बघायचं, प्रबंध असेल तर शोधगंगा या भारतातल्या प्रबंधांच्या साठ्यात आहे का, लेख असेल तर त्या जर्नलचा तो अंक खरंच आहे का. आता मुलांना हेच काउंटरवर करून दाखवतो.

तुमचं कॉलेज सरकारी असेल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या जर्नल्सच्या योजनेत आहे का बघा, १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स त्यात उघडली आहेत. पण जर्नल उघडलं म्हणून मुलं वाचत नाहीत, लेख कसा शोधायचा ते आपल्यालाच आधी यावं लागतं.

या सोमवारी कपाटातली दहा मराठी पुस्तकं काढा आणि मुलं करतील तशी ती आपल्या कॅटलॉगमध्ये शोधून बघा. जी सापडणार नाहीत तिथून सुरू करा. आणि तुमच्याकडे कुठलं सॉफ्टवेअर आहे ते इथे खाली लिहा, त्यातून डेटा कसा बाहेर काढायचा ते मला माहीत असेल तर सांगते.