टीव्हीतला कुत्रा दिसतो, मोबाइलमधला मुलगा का नाही?

प्रश्न : टीव्हीवर कुत्रा दिसला की आमचा शेरू भुंकत थेट टीव्हीच्या मागे जाऊन हुंगतो. पण माझा मुलगा बोटीवर असतो, त्याचा व्हिडिओ कॉल आल्यावर मोबाइल तोंडासमोर धरला तर शेरू तिकडे बघत नाही. उठून दारात जाऊन बसतो. मुलाला फार वाईट वाटतं. शेरूला स्क्रीनवरचं दिसतच नाही का?
– एक आई, डिचोली

उत्तर : दिसतं, ताई. आणि शेरू त्याला विसरलेला नाही, हे मुलाला आजच कळवा. आवाज ओळखीचा आहे म्हणूनच तो दारात जातो. घरची माणसं दारातूनच येतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मोबाइलची अडचण अंतराची आहे. नाकाशी धरलेली वस्तू कुत्र्याला अंधूक दिसते. त्याची नजर एरवीही आपल्याइतकी तीक्ष्ण नसते : आपल्याला ७५ फुटांवरून जे स्पष्ट दिसतं, त्यासाठी त्याला साधारण २० फुटांवर यावं लागतं. त्यात एवढासा चेहरा, तोही जागच्या जागी बोलणारा. हालचाल मात्र तो पटकन टिपतो.

टीव्हीवर ती भरपूर असते. जुन्या डबा टीव्हीवर चित्र सेकंदाला ५० वेळा उमटायचं. कुत्र्याचा डोळा ७०-८० वेळांपर्यंतची लुकलुक पकडतो, म्हणजे त्याला ते फडफडतानाच दिसत असणार. आताच्या एलईडी टीव्हीवर चित्र बरंच स्थिर दिसतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या एका अभ्यासात तर शिकवलेल्या कुत्र्यांनी स्क्रीनवरच्या चेहऱ्यांमधून नाना जातींचे कुत्रे बरोबर निवडले होते. रंग त्याला निळा आणि पिवळा एवढेच नीट कळतात. एफसी गोवाच्या सामन्यात केशरी जर्सी आणि हिरवं मैदान दोन्ही त्याला पिवळसरच दिसणार. तो बघेल ते धावणारे पाय आणि चेंडू.

टीव्हीमागे जातो तो वासासाठी. कुत्रा दिसला, भुंकला, मग वास कुठे गेला? त्याचं शोधणं अगदी रास्त आहे, त्यावर ओरडू नका. तिथल्या वायरी तेवढ्या झाकून घ्या. भुंकायला लागला की हाक मारा, आला की खाऊ द्या.

कॉल शक्यतो टीव्हीवर लावा, शेरू चार-पाच फुटांवर असू दे. मुलाला हात हलवायला, हाक मारायला सांगा. कॉलनंतर शेरू दाराशी कण्हत राहिला, तर मात्र त्याला त्यात ओढू नका. इअरफोन लावून बोला. मुलगा पुढच्या वेळी सुट्टीवर आला की जाताना अंगातला एक टी-शर्ट न धुता ठेवून जाऊ दे, शेरूच्या गोणपाटावर घाला. स्क्रीनवर मिळत नाही ते त्याला तिथे मिळेल.