सिरिलची लिपी कोणती?

प्रश्न असा होता: रशियन-बल्गेरियन लिपीला संत सिरिलचं नाव आहे, मग ‘ग्लागोलित्सा’ ही कोणती वेगळी लिपी?

सिरिलने घडवली ती हीच, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. मोराव्हियाचा (आजच्या चेकिया-स्लोव्हाकियाकडचं स्लाव राज्य) राजा रास्तिस्लाव याच्या मागणीवरून बायझँटाइन सम्राटाने ८६३च्या सुमारास थेस्सालोनिकीच्या दोघा भावांना, कॉन्स्टंटाइन आणि मेथोडियस यांना, तिकडे धाडलं. धर्मग्रंथ स्लाव भाषेत उतरवायचे, तर लिपी हवी. कॉन्स्टंटाइनने ती रचली. ‘सिरिल’ हे नाव त्याने अगदी अखेरीस, ८६९ मध्ये रोमला वारण्यापूर्वी, संन्यास घेताना धारण केलं.

८८५ मध्ये मेथोडियसही गेला आणि शिष्यांना मोराव्हियातून हाकललं गेलं. त्यांतल्या काहींना बल्गेरियाने आसरा दिला. पुढे तिथेच ग्रीक मोठ्या अक्षरांवरून सोपी, नवी लिपी तयार झाली, तीच सिरिलिक.

दोहोंतला फरक आकड्यांत छान दिसतो. दोन्ही लिप्यांत अक्षरंच अंक म्हणून वापरत. ग्लागोलित्सात अझ (अ) १, बुकी (ब) २, वेदे (व) ३ असा सरळ क्रम. सिरिलिकमध्ये मात्र ‘ब’ला किंमतच नाही, कारण ग्रीकांच्या ‘बीटा’ या दुसऱ्या अक्षराचा उच्चार तोवर ‘व’ झाला होता. म्हणून ‘व’ म्हणजे २! एक लिपी कुणीतरी बसून स्वतंत्रपणे आखलेली, दुसरी ग्रीकच्या साच्यातली. शिवाय ग्लागोलित्सा खरवडून वर सिरिलिक लिहिलेली चर्मपत्रंही सापडली आहेत.

मग नाव कसं सरकलं? १०४७ मध्ये नोव्हगोरोदच्या उपिर लिखी या धर्मगुरूने आपण ‘कुरिलोवित्सा’वरून, म्हणजे सिरिलच्या लिपीवरून, एका पोथीची नक्कल केल्याची नोंद केली आहे. त्या पोथीच्या उशिराच्या नकलांतही अधूनमधून ग्लागोलित्सा अक्षरं डोकावतात. म्हणजे तेव्हा सिरिलचं नाव जुन्या लिपीलाच असावं, आणि नंतर ते नवीकडे गेलं. ‘ग्लागोल’ म्हणजे शब्द, बोल. ‘ग’ अक्षराचं नावही तेच. त्यावरून पडलेलं ‘ग्लागोलित्सा’ हे नाव बरंच नंतरचं.

क्रोएशियात ती सर्वांत जास्त टिकली. १२४८ मध्ये पोप चौथा इनोसंट याने सेन्यच्या बिशपला ती उपासनेत वापरायची मुभा दिली, आणि १४८३ मध्ये तीत प्रार्थनाग्रंथ छापलाही गेला. तिथल्या १, २ आणि ५ युरो-सेंटच्या नाण्यांवर २०२३पासून देशाची आद्याक्षरं याच लिपीत आहेत.

मराठीत लिहिताना इंग्रजी वळणाच्या ‘ग्लॅगोलिटिक’पेक्षा मला ‘ग्लागोलित्सा’च बरं वाटतं.