शिकाऊ लाइनमनचे प्रश्न : पोलवर चढण्याआधी

प्रश्न : शटडाऊन घेतलाय (लाइन बंद करून घेतलीय), परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी हातात आहे, तरी सिनियर परत टेस्टर लावायला लावतात. खरंच गरज असते का?

उत्तर : असते, आणि ते लावायला लावतात म्हणून त्यांचे आभार माना. परमिट एवढंच सांगतं की स्विच उघडलाय, वायरमध्ये करंट नाही असं ते सांगत नाही. कुणीतरी मेनस्विच न काढता जनरेटर लावलेला असतो, आणि ट्रान्सफॉर्मरला दिशा कळत नाही, खालून गेलेलं लो टेन्शन (कमी व्होल्टेज) वर हाय टेन्शन (जास्त व्होल्टेज) होऊन निघतं. शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल तर इंडक्शननेही, म्हणजे स्पर्श न होता नुसत्या जवळ असण्यानेही, आपली वायर चार्ज होते. म्हणून टेस्टर आधी चालू लाइनवर बघायचा, मग आपल्या वायरवर आणि मग पुन्हा चालू लाइनवर, कारण मधेच टेस्टर बिघडला तर तोही "बंद आहे" असंच दाखवणार. त्यानंतर अर्थिंग, म्हणजे वायर जमिनीला जोडणं. आधी क्लॅम्प जमिनीकडे, मग रॉडने एकेका फेजच्या तारेला, काढताना बरोबर उलटं. कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग हवं. अर्थ होईपर्यंत ती लाइन चालूच आहे असं धरा.

प्रश्न : लाकडी पोलवर बुटांना काटे बांधून चढताना पाय सटकतो, मग मी पोलला घट्ट मिठी मारतो. काय चुकतंय?

उत्तर : ती मिठीच चुकतीय! भीतीने छाती पोलला टेकली की काट्याचा कोन बदलतो, तो लाकडात रुतायच्या ऐवजी सोलून निघतो. कंबर मागे, गुडघे पोलपासून लांब, वजन पायावर, हे दोन-तीन फुटांवरच रोज घोटा, उंचीची घाई नको. पोलवरचा आडवा अँगल ओलांडताना पोलभोवतीचा दुसरा सेफ्टी पट्टा लावल्याशिवाय पहिला सोडायचा नाही, एका सेकंदासाठीही नाही.

आणि चढायच्या आधी पोलला हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पोकळ असू शकतो. कुजणं बहुतेक वेळा जमिनीलगत असतं, तिथे थोडं उकरून टोच्याने टोचून बघा. कुजका पोल कधीकधी नुसत्या तारांच्या ताणावर उभा असतो, वर जाऊन तार सोडली की तुमच्यासकट खाली येतो.

प्रश्न : रबरी ग्लोव्ह्ज रोज तपासायचे?

उत्तर : रोज, घालायच्या आधी. मनगटाकडून गुंडाळून हवा कोंडा आणि गालाजवळ धरा, बारीक भोकही कळतं. वरून चामड्याचे घालाच. चामडं एकटं करंट अडवत नाही, ते रबराला खरचटण्यापासून वाचवतं.

प्रश्न : जोडीदार वरच बेशुद्ध झाला तर?

उत्तर : आधी सप्लाय बंद, मगच त्याला हात, नाहीतर दोघं जाता. हृदय थांबलं असेल तर मेंदूकडे चारेक मिनिटंच असतात आणि पोलवर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) नीट देता येत नाही, म्हणजे त्याला खाली आणायचा दोर शोधत बसायला वेळच नाही, तो काम सुरू करतानाच वर बांधलेला हवा. माणसाच्या वजनाचा पुतळा टांगून सराव करा, घड्याळ लावून.