आईला तिची कामं परत द्या

कॅनडात टोरंटोजवळच्या मिसिसागाहून एका लेकीचं पत्र आलं आहे. वडील गेल्यावर तिने आईला सांगलीहून सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांना मुलांकडे दीर्घकाळ राहू देणाऱ्या कॅनडाच्या व्हिसावर आणलं, त्याला दीड वर्ष झालं. आई ७१ वर्षांच्या. ती लिहिते, "आयुष्यभर राबली, म्हणून इथे तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही. तरी सतत दमलेली दिसते. सोफ्यावरून उठताना दोन्ही हात टेकते, जिना उतरताना कठडा सोडत नाही. कुठलं टॉनिक सुरू करू?"

ताई, तुमची माया पत्राच्या ओळीओळीत दिसते. पण मला मनापासून वाटतं, की आईंच्या हातातली कामं गेली आणि त्यांच्या मागोमाग ताकदही जाऊ लागली.

सांगलीतला त्यांचा दिवस आठवा. सकाळी दारात रांगोळी, म्हणजे उकिडवं बसणं आणि उठणं. पूजेला पाटावर मांडी. कपडे दोरीवर टाकताना हात डोक्याच्या वर. मंडईतून येताना दोन्ही हातांत पिशव्या. संध्याकाळी गणपतीच्या देवळापर्यंत पायी, वाटेत चार ओळखीच्या बायकांशी बोलणं. याला त्यांनी कधी व्यायाम म्हटलं नसेल. पण पासष्टीनंतर जागतिक आरोग्य संघटना जे करायला सांगते, त्यातलं बरंच या दिवसात होतं: आठवड्याला किमान १५० मिनिटं भराभर चालण्यासारखी हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारं काम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. तुमच्या घरी कपडे ड्रायरमध्ये जातात, भांडी डिशवॉशरमध्ये, भाजी गाडीतून थेट फ्रीजमध्ये. आईंना उरला सोफा.

स्नायू तिशी-चाळिशीपासून हळूहळू कमी होत जातात, साठीनंतर तो वेग वाढतो, आणि वापर थांबला तर काही आठवड्यांतही फरक दिसतो. पण सत्तरीत, ऐंशीतही काम दिलं की स्नायू पुन्हा बळकट होतात. म्हणून आधी एक साधी चाचणी करा. बिनहाताची टणक खुर्ची भिंतीला टेकवा. आईंनी हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसायचं. तुम्ही शेजारी उभ्या राहा. ७० ते ७४ वर्षांच्या बाईंना दहा वेळाही जमलं नाही, तर पडण्याचा धोका वाढला आहे असं समजा. तसं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा. आणि हीच चाचणी रोजचा व्यायाम करा, सकाळ-संध्याकाळ, झेपेल तितक्या वेळा.

गुडघे परवानगी देत असतील तर जमिनीवर बसणं सोडू देऊ नका. शेंगा सोलणं, लसूण सोलणं, नातवासोबत पत्ते खेळणं खाली सतरंजीवर होऊ द्या. उठताना टेकायला जवळ स्टूल ठेवा. गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

आता जेवण. तुम्ही सगळे आठला बाहेर पडता आणि सहाला परत येता. मधल्या वेळेत आई काय जेवतात, ते एकदा खरंच विचारा. "एकटीसाठी काय करायचं" म्हणून आमटी-भाताऐवजी चहा-टोस्ट, नाहीतर कालची पोळी आणि लोणचं, असं उत्तर मी कितीतरी घरांतून ऐकलं आहे. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. आई ६० किलोच्या असतील तर दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम झाली. घट्ट वरणाच्या वाटीतून साधारण ६ ते ७ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६, पेलाभर दुधातून तितकीच. रात्रीच्या एका जेवणात ही बेरीज पुरी होत नाही. डब्यात मोड आलेली मटकी ठेवा, घट्ट दही लावा, चार वाजता चहाबरोबर फुटाणे द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

टॉनिकचं विचारलंत म्हणून सांगते. दोनच गोष्टी आधी तपासून घ्या. टोरंटोच्या हिवाळ्यात उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही म्हणावं इतकं कमी मिळतं, आणि आपल्या सावळ्या त्वचेला ते तयार करायला ऊनही जास्त लागतं. कॅनडात सत्तरीनंतर रोज ८०० युनिट ड जीवनसत्त्वाची शिफारस आहे. दुसरं बी-१२. शाकाहारी माणसात ते कमी असण्याची शक्यता मोठी, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी. पायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा यामागे ते असू शकतं. तुमच्या ओंटारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा सुपर व्हिसावरच्या पालकांना लागू होत नाही, त्यामुळे या तपासण्या भारतवारीत करून आणणं सोपं पडेल. येताना औषधांची यादी मूळ रासायनिक नावांनी लिहून आणा, भारतातली ब्रँडची नावं इथल्या फार्मसीत बहुधा कळत नाहीत.

जिन्यावर नुसते मोजे घालून वावरणं आजपासून बंद. घरात रबरी तळाच्या चपला, न्हाणीघरात भिंतीला पकडायचा दांडा, रात्री पॅसेजमध्ये छोटा दिवा. बर्फाच्या दिवसांत चालणं थांबवू नका, स्क्वेअर वनसारख्या मॉलमध्ये आत फिरू द्या. तिथे सकाळी फेऱ्या मारणारे समवयस्कही भेटतात.

आणि टीव्हीचा आवाज. तो दिवसेंदिवस वाढत असेल तर कान तपासा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यात ऐकू कमी येणं हे मोठ्या कारणांपैकी एक आहे. ऐकू न येणारं माणूस हळूहळू बोलणंच सोडतं. आपण समजतो, आई शांत झाली. नातवंडं भरभर इंग्रजीत बोलत असली की हे आणखी झाकलं जातं. त्यांना आजीशी मराठीत, समोर बसून, सावकाश बोलायला सांगा. आजीला बसचा पास काढून द्या, पहिल्या दोन-तीन वेळा सोबत जा, मग लायब्ररीपर्यंत एकटं जाऊ द्या. तुम्हाला धास्ती वाटेल, हे मी जाणते.

खुर्चीची ती चाचणी तुम्हीही करा, ताई. पंचेचाळिशीत दिवसाचे आठ तास खुर्चीत जातात, आणि आपल्या लोकांना वजन फारसं नसतानाही मधुमेह गाठतो.

येत्या शनिवारी भाजी आणायला आईंना सोबत न्या. यादी त्यांनाच करू द्या, मेथीची जुडी त्यांनाच निवडू द्या, आणि दोन हलक्या पिशव्या त्यांच्या हातात राहू द्या.